नेमणूक कुणाची झाली, यापेक्षा ती कुणी आणि कशी केली

कर्णबधिरांच्या हक्कांचा विषय निघाला की वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांसाठीच्या विद्यापीठातील १९८८ च्या आंदोलनाचा दाखला हटकून दिला जातो, आणि तो द्यायलाही हवा. मात्र त्याच विद्यापीठात २००६ साली झालेल्या दुसऱ्या आंदोलनाबद्दल आपल्याकडे फारसे कुणी बोलत नाही. माझ्या मते हे दुसरे आंदोलनच अधिक विचार करायला लावणारे आहे, कारण पहिल्या वेळी कोणाची बाजू घ्यायची हे ठरवण्यासाठी बाहेरच्या माणसाला डोके खाजवण्याची गरजच नव्हती.

१९८८ ची हकिकत थोडक्यात अशी. अब्राहम लिंकन यांच्या सहीने १८६४ मध्ये पदव्या देण्याचा अधिकार मिळालेल्या या संस्थेला १२४ वर्षांत एकही कर्णबधिर अध्यक्ष लाभला नव्हता. त्या वर्षी अंतिम फेरीत तीन नावे होती आणि त्यांपैकी हार्वे कॉर्सन व आय. किंग जॉर्डन हे दोघे कर्णबधिर होते. तरीही ६ मार्चला विश्वस्तांनी निवड केली ती एलिझाबेथ झिन्सर यांची, म्हणजे ज्यांना ऐकू येत होते आणि खुणांची भाषा येत नव्हती अशा एकमेव उमेदवाराची. त्यावर कडी म्हणजे ही बातमी विद्यार्थ्यांना समोरासमोर न सांगता छापील पत्रकातून कळवण्यात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थ्यांनी बसगाड्या फाटकांसमोर आडव्या लावल्या, त्यांच्या चाकांतली हवा सोडली आणि विद्यापीठ बंद पाडले.

त्याच सोमवारचा एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षा जेन स्पिलमन जमलेल्या विद्यार्थ्यांना आपली बाजू समजावून सांगण्यासाठी क्रीडागृहात आल्या. स्वतः कर्णबधिर असलेल्या एका प्राध्यापकाने त्यांच्या आधीच मंचावर जाऊन, मंडळाने एकही मागणी मान्य केलेली नाही, असे खुणांनी सांगून टाकले आणि सभागृह रिकामे होऊ लागले. इतक्यात कुणीतरी आगीची घंटा सुरू केली. एवढ्या गोंगाटात बोलणे अवघड आहे, अशी तक्रार स्पिलमन बाईंनी केली, तेव्हा समोरून उत्तर आले की कसला गोंगाट, तुम्ही खुणांनी बोला, आम्हाला सगळे कळेल. ज्या संस्थेचा कारभार त्या पाहत होत्या, तिथल्या मुलांशी दुभाष्याविना एक वाक्यही बोलणे त्यांना शक्य नव्हते आणि त्यात काही वावगे आहे असे तोवर मंडळाला वाटलेही नव्हते.

विद्यार्थ्यांच्या मागण्या चार होत्या: झिन्सर यांनी पायउतार होऊन कर्णबधिर अध्यक्ष नेमला जावा, स्पिलमन यांनी राजीनामा द्यावा, विश्वस्त मंडळात ५१ टक्के सदस्य कर्णबधिर असावेत आणि आंदोलकांवर कारवाई होऊ नये. आठवडाभरात चारही मान्य झाल्या आणि १३ मार्चला जॉर्डन अध्यक्ष झाले. वर्तमानपत्रांनी पहिली मागणी उचलून धरली, पण दूरवर परिणाम करणारी मागणी तिसरी होती, कारण २१ जणांच्या त्या मंडळात तेव्हा कर्णबधिर सदस्य अवघे चार होते.

याच कारणासाठी २००६ कडे नीट पाहायला हवे. जॉर्डन निवृत्त होणार होते आणि आता बहुमत कर्णबधिर सदस्यांच्या हाती असलेल्या मंडळाने १ मे रोजी जेन फर्नांडिस यांची निवड केली. फर्नांडिस जन्मापासून कर्णबधिर, विद्यापीठाचा शैक्षणिक कारभार त्या आधीपासूनच पाहत होत्या, आणि तरीही विद्यार्थ्यांनी आवारात तंबू ठोकले. आपण बोलून वाढलो, खुणांची भाषा विशीत शिकलो, म्हणून आपण काहींच्या लेखी पुरेशा कर्णबधिर नाही, असे फर्नांडिस यांचे म्हणणे होते आणि बाहेरच्या माध्यमांना हाच धागा आवडला. आंदोलकांची तक्रार वेगळी होती. निवडीची प्रक्रिया विश्वासार्ह नव्हती, अंतिम यादीत एकही कृष्णवर्णीय नव्हता आणि फर्नांडिस यांची कामाची पद्धत ऐकून घेणारी नव्हती, असे ते सांगत होते. विद्यार्थ्यांच्या मनात ओळखीचा मुद्दा अजिबात नव्हता असे मी म्हणणार नाही; पण प्राध्यापकांनीही मोठ्या बहुमताने फर्नांडिस यांच्याविरुद्ध मत दिले, ते केवळ त्यांच्या बोलण्यावरून दिले असावे हे पटत नाही.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा फाटके अडवली गेली आणि १३ तारखेला १३० हून अधिक आंदोलकांना अटक झाली. ज्या माणसाला १९८८ च्या आंदोलनाने अध्यक्षपदी बसवले, त्याच जॉर्डन यांच्या कारकिर्दीत पोलीस आवारात शिरले. (अर्थात १९८८ मध्येही जॉर्डन यांनी आधी झिन्सर यांना पाठिंबा देऊन मग तो मागे घेतला होता, हे अनेक जण सोयीस्करपणे विसरतात.) आंदोलकांचेही सगळेच बरोबर होते असे नाही. त्याच आवारात कर्णबधिर मुलांच्या शाळा आहेत आणि फाटके बंद केल्याची झळ या भांडणाशी काडीचाही संबंध नसलेल्या त्या मुलांना बसली, हे मला कधीच समर्थनीय वाटलेले नाही. अखेर २९ ऑक्टोबरला मंडळाने नेमणूक रद्द केली.

अनेकांना तेव्हा असे वाटले की हे लोक कशानेच समाधानी होत नाहीत. कर्णबधिर अध्यक्ष हवा होता, तो मिळाला, मग आता काय? या प्रश्नातच खोट आहे. ऐकू येणाऱ्यांच्या विद्यापीठात कुलगुरूंविरुद्ध आंदोलन झाले तर आपण त्यांचा कारभार तपासतो, त्यांचे कान तपासत नाही. कर्णबधिरांना मात्र आपल्यातला कोणी खुर्चीत बसला की त्याच्यावर नाराज होण्याचा हक्कच उरत नाही, असे आपण, म्हणजे माझ्यासारखे ऐकू येणारे, मनातल्या मनात धरून चालतो.

आपल्याकडचे एक उदाहरण याच जातीचे आहे. भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधन व प्रशिक्षणासाठी २०११ साली दिल्लीत इग्नूच्या छत्राखाली एक केंद्र निघाले आणि २०१३ मध्ये ते बंद पडले. एप्रिल २०१५ मध्ये सरकारने ते वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत विलीन करण्याचा आदेश काढला. वाचा आणि श्रवण यांवर काम करणारी संस्था व एका भाषेचे केंद्र यांची उद्दिष्टे वेगळी आहेत, हे देशभरातल्या कर्णबधिरांनी निदर्शने करून आणि मंत्र्यांच्या भेटी घेऊन सांगितले. सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने स्वतंत्र केंद्राला मंजुरी दिली. ज्यांची भाषा आहे त्यांचे म्हणणे आदेशाच्या आधी ऐकले असते, तर हे पाच महिने वाचले असते.