मोबाइलनं आमच्या गलाईवाल्यांची घरं जोडलीत

मोबाइलमुळे नाती तुटली, असं मी नुकत्याच वाचलेल्या एका लेखात सरसकट म्हटलंय. मला हे पटत नाही. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर भागात येऊन बघा. सोनं-चांदी गाळायच्या गलाई धंद्यासाठी इथली माणसं केरळ-तमिळनाडूपासून पार उत्तरेपर्यंत पांगलेली आहेत. पूर्वी एसटीडी बूथवर मीटरकडं डोळा ठेवून बोलायचं, "बरं हाय का? पैसं मिळालं का?" की संपलं. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला आणि चित्रच पालटलं. माझा भाऊ कोइमतूरहून रोज रात्री व्हिडिओ कॉल करतो. आईची भाकरी तव्यावर फुगताना बघतो, गोठ्यातली म्हैस दाखवायला लावतो. त्याच्या पोरीला आजी परकी वाटत नाही, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

खरी अडचण आहे ती एका छताखाली राहून आपापल्या मोबाइलमध्ये गुंतलेल्यांची. आपल्याच सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव या गावानं 2022 मध्ये त्यावर उपाय काढला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद. पोरं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. सक्ती करून हे जमत नाही, सगळं गाव एकदम ठरवतं म्हणून जमतं. लेखात या गावाबद्दल चार ओळी हव्या होत्या.