पाटी कुणाच्या नावाची?

चाळीसगाव-धुळे मेमूला, म्हणजे विजेवरच्या लोकलला, नाव द्यावं, यावर आमच्या खान्देशी ग्रुपवर जुंपली आहे. कुणाला बहिणाबाई हव्यात, कुणाला साने गुरुजी. रोज अप-डाऊन करणाऱ्या एकानं ठणकावलं, "नाव काय चाटायचंय? आधी गाडी वेळेवर सोडा."

मी राहतो त्या इंग्लंडमधल्या रीडिंगजवळ अफ्टन नर्व्हेट नावाचं खेडं आहे. 6 नोव्हेंबर 2004 ला तिथल्या फाटकावर, रुळांत उभ्या मोटारीला रेल्वेगाडी धडकली आणि सात जण गेले. गाडीचे चालक स्टॅन मार्टिन त्यातलेच. पुढे एका इंजिनावर त्यांच्या नावाची पाटी लागली, 'ड्रायव्हर स्टॅन मार्टिन', खाली जन्म-मृत्यूच्या तारखा. हुद्दा तेवढा ड्रायव्हरचा. फाटकाच्या जागी पूल व्हायला मात्र 2016 चा डिसेंबर उजाडला.

त्यामुळे अप-डाऊनवाल्याला मी खोडणार नाही. पाटी झटपट लागते, पूल रखडतो, हे इथेही खरंच. लंडन ओव्हरग्राउंड या तिथल्या लोकल रेल्वेच्या सहा मार्गांना 2024 मध्ये नावं दिली, खर्च 63 लाख पौंड. त्यातलं 'वीव्हर' तिथल्या विणकरांच्या वस्त्यांवरून, 'मिल्डमे' एड्सच्या रुग्णांना जवळ करणाऱ्या एका लहानशा रुग्णालयावरून. नावं मला आवडली, बिल नाही.

आपल्याकडे पाटी रंगवायला पैसा लागत नाही, लागतो तो मानपान. जीआयपी या इंग्रजी अमदानीतल्या रेल्वेच्या काळात विजेच्या इंजिनांवर सर लेस्ली विल्सन, सर रॉजर लम्ली अशी मुंबईच्या गव्हर्नरांची नावं होती. साहेब गेले, सवय राहिली. बहिणाबाईंचं नाव 2018 पासून जळगावच्या विद्यापीठाला आहे, आणि ते शोभतंही. पण भुसावळसारखं अख्खं गाव रेल्वेवर पोसलं गेलं, तिथल्या कीमनचं, रूळ तपासत चालणाऱ्या कामगाराचं, नाव कुठे आहे? मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेलेला, डोक्याला ओला रुमाल, खांद्यावर हातोडा आणि पाना, आणि हा गडी रूळ धरून ठेवणारी एकेक लोखंडी चावी बघत, सैल असेल ती ठोकत रुळांच्या कडेनं चाललेला. खिडकीतून तो सगळ्यांना दिसतो, विचारत कुणी नाही.

मेमूला द्यायचंच तर अशाचं नाव द्या, हुद्द्यासकट. निवड रुळांची देखभाल करणाऱ्या गँगवाल्यांनी करावी, खासदारांच्या पत्रानं नको. फीत कापायला एखादा निवृत्त गेटमन बोलवा. आणि सुटायची वेळ झाली, की भाषण अर्धवट राहिलं तरी गाडी सोडा.