नकाराचे कारण संगणक सांगत नाही

अमेरिकेतील स्मॉल बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या लहान उद्योगांना मदत करणाऱ्या सरकारी संस्थेतील कपातीवरील या लेखात ‘अर्ज आता ऑनलाइन भरले जातात, त्यामुळे कार्यालये हलवल्याने उद्योजकांचे काही अडणार नाही’ असे म्हटले आहे, ते मला मुळीच पटले नाही. ही संस्था सेव्हन-ए या आपल्या कर्ज योजनेत स्वतः कर्ज देत नाही. कर्ज बँक देते आणि संस्था त्याची हमी घेते, दीड लाख डॉलरपर्यंतच्या कर्जात 85 टक्क्यांपर्यंत. म्हणूनच बँकेने नकार दिल्यावर तो का दिला हे समजावणारा माणूस जवळपास असावा लागतो.

शिकागोजवळ आम्ही फराळाच्या पदार्थांचा व्यवसाय सुरू केला तेव्हा एका बँकेने आमची फाइल कारण न देता दोनदा परत केली. अखेर या संस्थेच्या स्थानिक कार्यालयातील एका अधिकाऱ्यांनी तासभर बसून आमचा जमाखर्चाचा अंदाज कुठे फसला आहे ते दाखवले (तो कागद मी अजून जपून ठेवला आहे), आणि मग दुसऱ्या बँकेत काम झाले. मार्च 2025 मध्ये सुमारे 6,500 पैकी 2,700 पदे कमी करण्याची घोषणा झाली, तिच्या काही दिवस आधी शिकागोसह सहा शहरांतील कार्यालये हलवण्याचीही. महासाथीच्या काळात वाढलेले मनुष्यबळ कमी करणे मी समजू शकतो. पण ती वाढीव भरती आणि वर्षानुवर्षे लोकांना समोर बसवून मार्गदर्शन करणारे अनुभवी कर्मचारी यांतला फरक लेखकाने विचारातच घेतलेला नाही.