भांडत नाहीत, विषय बदलतात

इंटरनेटवर सरकारने लिहवून घेतलेल्या भाडोत्री प्रतिक्रिया ओळखायच्या तर सरकारची बाजू घेऊन हमरीतुमरीवर येणारे शोधा, असं एका लेखात वाचलं. चीनच्या बाबतीत तरी हे उलटं आहे. जिआंगशी प्रांतात गांझोऊ शहराचा झांगगोंग नावाचा जिल्हा आहे. तिथल्या इंटरनेट प्रचार कार्यालयाच्या २०१३-१४ च्या ईमेल फुटल्या आणि गॅरी किंग, जेनिफर पॅन, मार्गारेट रॉबर्ट्स या अमेरिकेतल्या अभ्यासकांनी त्या चाळून २०१७ मध्ये शोधनिबंध छापला. त्यांच्या अंदाजाने तेव्हा चीनभर वर्षाला ४४ कोटी ८० लाख अशा सरकारी पोस्ट पडत होत्या. पण त्यात वादावादी जवळपास नाहीच! चिंगमिंगला, म्हणजे त्यांच्या पितरांच्या सणाला, हुतात्म्यांना वंदन. एरवी देशाचं गुणगान, विकासाचं कौतुक. कुठे असंतोष पेटायची चिन्हं दिसली की या गोडगोड मजकुराचा पूर येतो, आणि मूळ विषय वाहून जातो.

अशा पोस्ट लिहिणाऱ्यांना 'पाच माओवाले' म्हणतात, कारण पोस्टमागे इतके पैसे मिळतात अशी समजूत. पाच माओ म्हणजे अर्धा युआन, जसे आपल्याकडे अर्ध्या रुपयाला आठ आणे. पण प्रत्यक्षात पोस्टमागे पैसे मिळाल्याचा पुरावा या तिघांना सापडला नाही. लिहिणारे बहुतेक सरकारी नोकरच, म्हणजे फाइल बाजूला सारून 'जय हो' टंकणारे कारकून. (बिचारे!)

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकीच्या गळतीचं कोणी विचारलं की सेक्रेटरी लगेच गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात टाकतात. त्यांना कुणी शिकवलं नसावं.