दवाखान्यात समाजशास्त्राचं काय काम? – एका फिरत्या संदेशाला उत्तर

बारावीचा आणि नीटचा निकाल लागला की दर वर्षी एक संदेश फिरू लागतो. यंदा तो मला तीन ग्रुपांवर आला. त्यातल्या एका ग्रुपवर तो टाकणारे गृहस्थ माझ्याच एका विद्यार्थिनीचे वडील आहेत. पोरगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे समाजशास्त्रातच एम.ए. करायचं म्हणून घरी भांडते आहे. त्यामुळे मला गप्प बसवेना.

संदेशाचं म्हणणं थोडक्यात असं. ज्याने कधी नाडी धरली नाही त्याने वैद्यकावर बोलू नये. रोग जातपात बघत नाही, समाजशास्त्रवालेच ‘ओळख’ नि ‘अस्मिता’ विज्ञानात घुसवतात. हे सगळं अमेरिकेचं खूळ आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही. आणि शेवटी, असल्या विषयात करिअर होत नाही. या शेवटच्या मुद्द्यातलं अर्धं खरं आहे आणि ते मी मान्य करणार आहे. बाकीचं चूक आहे, आणि ते का चूक आहे हे सांगायला थोडी जागा लागेल.

‘ज्याने नाडी धरली नाही त्याने बोलू नये.’

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आपल्या प्रत्येकाच्या घरी ऑक्सिमीटर आला. बोटाला चिमटा लावायचा, आकडा वहीत लिहायचा, 94 च्या खाली गेला की धावपळ. हे यंत्र बोटातून लाल आणि इन्फ्रारेड असा दोन प्रकारचा प्रकाश सोडतं आणि रक्ताने त्यातला किती शोषला यावरून ऑक्सिजनचा अंदाज बांधतं. पण वाटेत त्वचा असते, आणि त्वचेतलं रंगद्रव्यही प्रकाश शोषतं. गडद त्वचेवर हे यंत्र चुकू शकतं, हे डॉक्टरांनी 1990 मध्येच छापून ठेवलं होतं. ती माहिती तीस वर्षं पडून राहिली.

2020 च्या ऑगस्टमध्ये ती वर काढली अमेरिकेतल्या एमआयटीत मानववंशशास्त्र शिकवणाऱ्या एमी मोरान-थॉमस यांनी. मानववंशशास्त्र म्हणजे समाजशास्त्राची सख्खी बहीण. त्यांच्या नवऱ्याला कोरोना झाला, घरात ऑक्सिमीटर आला, आणि हे यंत्र कोणाच्या बोटांवर तपासून बनवलं, असा प्रश्न त्यांना पडला. जुने कागद धुंडाळून त्यांनी लेख लिहिला. तो वाचून मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांच्या नोंदी काढल्या आणि त्याच डिसेंबरात निष्कर्ष प्रसिद्ध केला. यंत्र 92 ते 96 असा आकडा दाखवत असताना धमनीच्या रक्तात प्रत्यक्षात 88 टक्क्यांहून कमी ऑक्सिजन असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत 3.6 टक्के होतं, कृष्णवर्णीय रुग्णांत 11.7 टक्के. 2021 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा काढला.

यात डॉक्टरांचा कमीपणा कुठेच नाही. मोजमाप त्यांनीच केलं आणि ते त्यांनाच करता येतं. पण प्रश्न बाहेरून आला. उपकरण कोणाला धरून बनलं आणि कोणावर वापरलं जातंय, हे विचारण्याची सवय एका विद्याशाखेने लावली होती, म्हणून तो आला.

‘रोग जातपात बघत नाही.’

रोग बघत नसेल, पण दवाखान्यातली गणितं बघत आली आहेत, आणि ती समाजशास्त्रवाल्यांनी घातलेली नाहीत.

किडनी किती काम करते हे काढायला रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्यावरून एक सूत्र वापरतात. 2009 मध्ये आलेल्या आणि जगभर रुळलेल्या सूत्रात एक अट होती: रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर येणारा आकडा 1.159 ने गुणायचा. म्हणजे रक्ताचा अहवाल तोच, वय तेच, तरी त्या माणसाची किडनी कागदावर सुमारे 16 टक्के जास्त चांगली. त्यामागचं एक गृहीतक असं की कृष्णवर्णीयांचे स्नायू जास्त असतात. परिणाम असा की प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागायला त्या माणसाला जास्त थांबावं लागे. 2021 मध्ये ही अट वगळून नवं सूत्र आलं, आणि 2023 पासून अमेरिकेत जुन्या सूत्रामुळे ज्यांचा वेळ बुडाला त्यांना यादीत तो भरून द्यायला सुरुवात झाली.

डोरोथी रॉबर्ट्स या कायदा आणि समाजशास्त्र दोन्हींच्या प्राध्यापक. वंश हा राजकारणातून पाडलेला गट आहे, त्याला शरीराचा गुणधर्म समजून वैद्यक चुकतं, असं त्या कितीतरी वर्षं सांगत होत्या. म्हणजे संदेशात म्हटलंय त्याच्या बरोब्बर उलट. ओळख सूत्रात आधीच बसलेली होती, आणि ती बाहेर काढा असं ही मंडळी सांगत होती.

समाजशास्त्रज्ञ स्टीव्हन एप्स्टाइन यांचं उदाहरण तर याहून बारकाईने बघण्यासारखं आहे. एड्सच्या साथीत रुग्ण आणि कार्यकर्ते औषधांच्या चाचण्यांचं शास्त्र शिकले आणि संशोधकांशी त्यांच्याच भाषेत बोलू लागले, यावर त्यांचं 1996 चं पुस्तक आहे. त्याच काळात अमेरिकेत 1993 चा कायदा आला: सरकारी पैशाच्या वैद्यकीय संशोधनात स्त्रिया आणि अल्पसंख्याक असलेच पाहिजेत. अस्मितेचं राजकारण करणारा माणूस इथे टाळ्या वाजवून थांबला असता. एप्स्टाइन यांनी मात्र 2007 मध्ये पुस्तक लिहून या धोरणाचीच झडती घेतली. प्रत्येक गटाला चाचणीत जागा देताना आपण गटांमधले फरक शरीरातच आहेत असं मानायला लागलो आहोत का, आणि गरिबी, घर, काम ही कारणं मागे पडतायत का, हा त्यांचा प्रश्न. याला घुसवाघुसवी म्हणायचं असेल तर मग तपासणी कशाला म्हणायचं?

‘अमेरिकेचं खूळ, आपल्याकडे संबंध नाही.’

हे वाक्य विदर्भात राहून कोणी पुढे पाठवावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

समाजशास्त्रज्ञ अलोंड्रा नेल्सन यांचं 2011 चं पुस्तक अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पार्टीच्या आरोग्यकार्यावर आहे. 1966 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला सुरू झालेली ही संघटना म्हटली की लोकांना काळी जाकिटं आणि बंदुका आठवतात. नेल्सन यांनी दाखवलं की तिच्या शाखांनी फुकट दवाखाने चालवले आणि 1971 पासून सिकलसेलच्या, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या, तपासणीची मोहीम उघडली. 1972 च्या मार्चमध्ये ओकलंडच्या मेळाव्यात किराण्याच्या पिशव्या वाटता वाटता रक्त तपासलं जात होतं. हा आजार आपल्या लोकांना होतो म्हणून त्यावर कोणी पैसा लावत नाही, हा त्यांचा आरोप होता. त्याच वर्षी सिकलसेलचा राष्ट्रीय कायदा झाला.

पुढची गोष्ट मात्र कडू आहे. तपासणी पसरली, पण समज पसरली नाही. एका पालकाकडून जनुक मिळालेला वाहक आणि दोघांकडून मिळालेला रुग्ण यांत लोक, विमा कंपन्या, अगदी कायदे लिहिणारेही गल्लत करत होते. धडधाकट वाहकांच्या नोकऱ्या आणि विमे अडले. अमेरिकेच्या वायुदल अकादमीत वाहकांना 1981 पर्यंत प्रवेश नव्हता. चांगल्या हेतूने टोचलेल्या सुईने लोकांच्या कपाळावर शिक्का मारला.

आता आपल्याकडे बघा. भारतात सिकलसेलची पहिली नोंद 1952 ची, निलगिरीतली. आज गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडच्या कुठल्याही आरोग्यसेविकेला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. 1 जुलै 2023 ला केंद्राने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली: 2047 चं लक्ष्य, 40 वर्षांपर्यंतच्या सुमारे 7 कोटी लोकांची तपासणी, भर आदिवासी भागांवर. मोहीम हवीच होती. नवरा-बायको दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण निघण्याची शक्यता 25 टक्के असते. हे लग्नाआधी कळलं तर कितीतरी घरं वाचतील.

पण कळल्यावर घरात काय होतं, ते सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीने मला तिच्या घरी नेलं होतं. शाळेत असताना तिची तपासणी झाली होती, ती वाहक निघाली. मी सहज विचारलं, तपासणीचं कार्ड आहे का? तिच्या आईने दाराकडे बघितलं, स्वयंपाकघरात गेली, तांदळाचा डबा उघडला आणि कोपरापर्यंत हात घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं. त्यावरचे तांदळाचे दाणे तिने पुन्हा डब्यात झटकले. मग म्हणाली, ‘मॅडम, कोणाले सांगू नका नं. मोठीचं जमून रायलं आहे.’ मोठीची तर तपासणीसुद्धा झाली नव्हती.

त्या कार्डाचा अर्थ डॉक्टरांना ठाऊक आहे. ते डब्यात का गेलं, आणि मोठीची तपासणी का टाळली, हे रक्ताच्या अहवालात येत नाही. नागपूरकडे हा आजार अनुसूचित जातींतही मोठ्या प्रमाणात सापडतो, तरी लोकांच्या तोंडी तो ‘आदिवासींचा आजार’ आहे. त्या नावामुळे कोण तपासणीला येतं आणि कोण टाळतं, हे शोधल्याशिवाय 7 कोटी सुया पुरणार नाहीत. पन्नास वर्षांपूर्वी ओकलंडमध्ये काय बिघडलं हे लिहून ठेवलेलं आहे. ते वाचणाऱ्या माणसाला आपण खुळा म्हणणार?

‘असल्या विषयात करिअर होत नाही.’

यातली खरी गोष्ट आधी. आपल्याकडे सेट-नेट झालेली मुलं तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवतात, जागा रिकाम्या राहतात, पगार वेळेवर येत नाही. याच खुर्चीत बसून हे बघते, त्यामुळे कोणाला गोड स्वप्नं दाखवणार नाही. पण तो दोष भरती न करणाऱ्यांचा आहे. तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्राचे प्राध्यापकही राबतायत, म्हणून कोणी भौतिकशास्त्र निरुपयोगी म्हणत नाही.

आणि करिअर कसं होतं हे बघायचं तर पुन्हा नेल्सन यांच्याकडेच बघा. सॅन दिएगोला मानववंशशास्त्रात पदवी, 2003 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातून पीएच.डी., मग येल, मग कोलंबिया, तिथे सामाजिक शास्त्रांच्या अधिष्ठाता. 2016 मध्ये डीएनए चाचण्यांवरचं पुस्तक. गुलामीत ज्यांचं मूळ पुसलं गेलं ती कुटुंबं अशा चाचणीतून काय शोधतात, आणि सापडलेल्या उत्तराचं पुढे काय करतात, हा त्याचा विषय. 2017 ते 2021 सोशल सायन्स रिसर्च कौन्सिलचं अध्यक्षपद. 2021 मध्ये व्हाइट हाउसच्या विज्ञान-तंत्रज्ञान कार्यालयात उपसंचालक, आणि 2022 मध्ये काही महिने त्याच कार्यालयाची हंगामी धुरा.

संदेश म्हणेल, हे सगळं वशिल्याने. मग त्यांनी तिथे काय केलं ते तपासा. 2022 च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या सहीने आदेश निघाला: अमेरिकन सरकारच्या पैशातून झालेलं संशोधन छापून येताच सगळ्यांना फुकट वाचता आलं पाहिजे, आणि 2025 अखेरपर्यंत सगळ्या खात्यांनी ते अमलात आणावं. त्याआधी वर्षभर कुलूप लावून ठेवण्याची मुभा होती. आमच्या कॉलेजात एकाही परदेशी नियतकालिकाची वर्गणी भरलेली नाही. कर्करोगावरचा एखादा ताजा निबंध चंद्रपुरातल्या निवासी डॉक्टरला आज पैसे न भरता उघडता येत असेल, तर त्यात या समाजशास्त्रज्ञ बाईंचा वाटा आहे. 2022 मध्ये विज्ञान घडवणाऱ्या दहा माणसांची यादी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने काढली, त्यात त्यांचं नाव होतं.

व्हाइट हाउस सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, यायची गरजही नाही. मुंबईत देवनारला टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आरोग्यव्यवस्थेचा अभ्यास करता येतो, देवनारलाच लोकसंख्याशास्त्राची संस्था आहे, दिल्लीत जेएनयूमध्ये सामाजिक वैद्यकाचं केंद्र आहे. तिथून निघालेली मुलं सर्वेक्षणांत, संस्थांत, सरकारी कार्यक्रमांत काम करतात.

भाऊ, तुमच्या मुलीने मागच्या आठवड्यात प्रकल्पाचा कच्चा कागद माझ्याकडे दिला. तालुक्यातल्या तीन गावांत सिकलसेलच्या तपासणीनंतर घरांत काय बदललं, हा विषय. प्रश्नावली तिने स्वतः तयार केली आहे. तांदळाच्या डब्याची गोष्ट मी तिला कधी सांगितलेली नाही. तरी तिचा पहिला प्रश्न आहे, ‘कार्ड घरात कुठे ठेवलं आहे?’