केस उन्हाने पांढरे झालेले नाहीत म्हणे!

"हे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत," असं कुणी ऐकवलं की मला भुसावळचा मे महिना आठवतो. पारा ४५ वर. आमच्याकडे उन्हाने काहीही पांढरं होऊ शकतं, तेव्हा हा पुरावा खानदेशात तरी चालणार नाही.

वर्षं सगळ्यांचीच जातात. पण चुकताना कुणी टोकलं आणि आपण ते निमूट ऐकून घेतलं, तरच पदरात काही पडतं, मग ते शहाणपण असो, प्रेम, स्टाईल की श्रद्धा, असं माझं मत होत चाललंय.

मांडेच घ्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चुलीवर पालथं खापर चढतं. वस्त्रगाळ पिठाची सैल कणीक, पोटात पुरण, आणि मग पोळपाट बाजूला सारून मांडा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत वाढवायचा. आमच्या एक चुलत सासूबाई जन्मभर मांडे करतायत आणि जन्मभर त्यांचा मांडा खापरावर टाकताना मधोमध फाटतोय. कुणी काही सांगायला गेलं की "माले नको शिकाडू!" आजेसासूबाईंना आम्ही जिजी म्हणायचो. त्या चुलीशी बसून माझ्या मनगटांकडे बघत राहायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "ढिला सोड व हात!" बस, एवढंच. बोटं ताठ असली की तिथेच भोक पडतं, हे त्यांच्या त्या एका वाक्याने कळलं.

अमळनेरला १९१६ साली प्रताप शेठजींच्या पुढाकाराने तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. गिरणीच्या गावात तत्त्वज्ञानाची संस्था, याचं मला अजून अप्रूप वाटतं. त्याच गावात १९२४ पासून साने गुरुजी मास्तर होते. वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडायचे, अंथरुणांच्या घड्या घालून ठेवायचे. स्वच्छतेवर भाषण देण्यापेक्षा हे पोरांना जास्त लागत असणार. टोकण्याची हीसुद्धा एक तऱ्हा.

आता प्रेम. ओळखीतले एक काका दर हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी करतात. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, सोबत कळण्याची भाकरी, सगळा थाट. काकूंच्या ताटात स्वतःच्या हाताने दोनदा वाढतात आणि सगळ्यांना सांगतात, "हिचा भरतात जीव!" काकूंना वांग्याने अंगभर खाज सुटते. त्या गपचूप सुनेच्या ताटात सरकवतात. बरं, काका खोटं नाही बोलत, प्रेम आहेच. पण एवढ्या संसारात एकदा तिच्या ताटाकडे बघितलं असतं तर! आणि काकूंनीही एकदा तोंड उघडायला काय हरकत होती?

स्टाईलबद्दल थोडक्यात. मेच्या लग्नात वेलवेटची शेरवानी घालून घामाने निथळणारा नवरदेव बघवत नाही. मांडवात सगळ्यात रुबाबदार दिसतो तो पांढऱ्या सदऱ्यातला, डोक्याला रुमाल गुंडाळलेला म्हातारा. त्याला उन्हाने टोकलंय, आणि त्याने ऐकलंय.

श्रद्धेच्या बाबतीत मात्र माझी जरा गंमत होते. आमची खानदेशची देवी कानबाई मला मनापासून आवडते. नागपंचमीनंतरचा रविवार, नथ घालून सजवलेला नारळ, रात्रभर गाणी, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. एरवी बांधावरून कोर्टात भांडणारे भाऊबंद रोटासाठी, म्हणजे तिच्या गव्हाच्या नैवेद्यासाठी, एका पंगतीत बसतात, ते तिच्याच धाकाने. पण आमच्याकडे रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने मोजतात, माणशी सव्वा मूठ. गेल्या वर्षी मी दोन्ही पोरींच्या नावाने मुठी टाकल्या. मोठे काका म्हणाले, "चार पिढ्यांत असं झालं नाही." मी म्हटलं, काका, चार पिढ्यांत कुणी विचारलंही नसेल. कानबाईने काही हरकत घेतली नाही. रोट नेहमीसारखाच खरपूस झाला. काकांनी खाल्लाही, अगदी मागून घेतला, पण माझ्याशी दिवाळीपर्यंत अबोला धरला. यंदा धाकट्या जावेच्या पोरीचीही मूठ पडणार आहे. काकांना अजून कुणी सांगितलेलं नाही.