कुसळी जाळून जात नाही

होळी झाली की आमच्या साक्री-धुळ्याकडच्या गटांवर दरवर्षी एकच मेसेज फिरतो. मजकूर थोडक्यात असा: ‘डोंगरावरचं कुसळी गवत हे बाहेरून आलेलं तण आहे. जनावर त्याला तोंड लावत नाही. उन्हाळ्यात पेटवून द्या. बी जळेल, राखेचं खत होईल आणि पहिल्या पावसाला डोंगर हिरवागार होईल.’ यंदा तो मला तीन गटांतून आला, त्यात एकदा सख्ख्या चुलतभावाकडून. त्याच्या दावणीला सहा जनावरं आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक बियाबद्दल आहे. दिवाळीच्या आसपास पिकलेलं एक कुसळ तोडून तळहातावर ठेवा. खालचं टोक सुईसारखं, त्यावर मागे वळलेले तांबूस केस आणि वर दोन-तीन इंचांची पीळ पडलेली काळसर शेपटी. शेपटीवर पाण्याचा एक थेंब सोडा. पीळ उलगडू लागतो आणि कुसळ डोळ्यांदेखत हळूहळू फिरू लागतं. वाळलं की पीळ पुन्हा बसतो. रानात हेच काम रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन करतं. रोज थोडं फिरत, गिरमिटासारखं बी मातीत उतरतं, आणि ते मागे वळलेले केस त्याला परत बाहेर येऊ देत नाहीत. फाल्गुनात कुणी काडी ओढतो तेव्हा यातलं बरंच बी मातीखाली जाऊन बसलेलं असतं. गवताची आग भर्रकन पळते. बोटभर खाली माती जेमतेम कोमट होते. शिवाय नवं बी लगेच उगवत नाही, काही महिने झोपून राहतं आणि पावसाळ्याची वाट बघतं. कुसळी बहुवर्षायू आहे. वरची काडी जळाली तरी ठोंब जिवंत राहतो.

म्हणजे ज्याला संपवायचं म्हणून आग लावली, तेच गवत आगीला सगळ्यात चांगलं तोंड देतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये कुसळीची मोठी कुरणं आहेत, आणि ती टिकावीत, दुसरी निकस गवतं वर येऊ नयेत, म्हणून तिथले पशुपालक ती अधूनमधून मुद्दाम जाळतात. आपण कुसळी घालवायला जे करतो, ते तिथे कुसळी राखायला करतात! आपल्याकडे वारंवारची आग आणि तिच्या मागोमाग मोकाट चराई यांत मार खातात ती पवन्या, डोंगरी, मारवेल ही चांगल्या चाऱ्याची गवतं. ती मागे हटली की रिकामी जागा कुसळी धरते. पाच-दहा वर्षं जाळलेल्या उतारावर नुसती कुसळीच का दिसते, याचं उत्तर इथे आहे.

‘बाहेरून आलेलं’ हे साफ खोटं. लिनियसने १७५३ साली या गवताला शास्त्रीय नाव दिलं ते भारतातलं गवत म्हणूनच. त्या नावातल्या ‘कॉन्टॉर्टस’चा अर्थ पिळलेलं. जगातल्या बऱ्याच उष्ण प्रदेशांत ते वाढतं. हवाई बेटांवर त्याला ‘पिली’ म्हणतात. तिथल्या जुन्या घरांची छपरं त्याने शाकारत, आणि आता लोक ते बागेत शोभेसाठीही लावतात. पिकल्यावरचा त्याचा तांबूस-सोनेरी रंग खरंच देखणा असतो, धुळ्याजवळच्या लळिंगच्या घाटात हिवाळ्यातल्या सकाळी पाहिलेल्यांना सांगायला नको.

जनावर तोंड लावत नाही, हे अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्याची झळ मी पाहिली आहे. आमच्या एका शेळीच्या हिरडीत कुसळं रुतून गळू झालं होतं. चार दिवस तिने पाण्यालाही तोंड लावलं नाही. ठेलारी मेंढपाळांना विचारा, लोकरीतून कातडीत घुसलेली कुसळं काढता काढता त्यांचा जीव मेटाकुटीला येतो. पण ही सगळी पिकलेल्या कुसळांची गोष्ट झाली. श्रावण-भाद्रपदात, कुसळं धरण्याआधी, तेच गवत गाई-म्हशी आवडीने खातात.

राखेचं खत? गवतातलं नत्र धुरासोबत आकाशात जातं. उरतं ते थोडं पालाश आणि चुना. तेही उतारावर किती दिवस टिकणार? चैत्र-वैशाखाचा वारा निम्मं उडवतो, उरलेलं पहिला वळीव नाल्यात नेऊन घालतो. सोबत मातीही जाते, कारण तिला धरणारी काडी जाळून टाकलेली असते.

राहिली हिरवळ. ती येते, ते नाकारत नाही. पण ती राखेतून येत नाही, मुळांत साठवलेल्या अन्नावर येते. तेच कोवळे फुटवे गुरं लगेच ओरबाडतात आणि मुळांचा साठा रिता होतो. शेजारचा न जळलेला उतारही त्याच पावसात फुटतो. जुन्या काड्यांआड लपल्यामुळे तो लांबून दिसत नाही एवढंच. आणि टिटवी, चंडोल जमिनीवर अंडी घालतात, तेही आग लावायच्या याच दिवसांत.

राखीव वनात आग लावणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे. वनखाते उन्हाळ्याआधी गवताचा पट्टा जाळून जाळरेषा घेते ती वेगळी, ती आग अडवायला असते. पण कायद्याच्या धाकापेक्षा मला बारीपाडा जास्त पटतो. आपल्याच साक्री तालुक्यातल्या या पाड्याने गावाचे नियम करून आपलं जंगल राखलं, आणि त्या कामासाठी चैतराम पवारांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली.

चुलतभावाला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, ‘काडी फुकट आहे दादा, कापणीला मजूर लागतो.’ बरोबर आहे, ही अडचण खरी आहे. पण चैत्रात तो जो चारा विकत आणतो, तोही फुकट येत नाही. आमच्या दोघांच्या बांधावर आणि पडीक माळावर कुसळी आहे. यंदा भाद्रपद संपायच्या आत, कुसळं धरण्यापूर्वी, चार विळे घेऊन दोन्ही घरं मिळून कापायची असं ठरलंय. सुकवून गंजी त्याच्याच खळ्यात रचू, जनावरं त्याची जास्त आहेत.